अकरा नंबरची पेटी

“निरोप हरवू शकतो का? हो की नाही, एवढंच सांगा मॅडम.”

सिद्दीकी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या उत्तराची वाट पाहत बसले. ते सोनढोह खाणीचे सुरक्षा अधिकारी. त्यांच्या शेजारी खाणीचे मॅनेजर उरकुडे साहेब. टेबलाच्या अलीकडे मी आणि माझे वरिष्ठ बिवलकर सर. आम्ही दोघं पुण्याच्या एकाच कंपनीतून आलो होतो, पण मतं दोन होती, आणि ते समोरच्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

“हरवू शकतो,” मी म्हटलं, “पण...”

“बस.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “आणि बिवलकर साहेब, तुमच्या पद्धतीत?”

“आमच्या पद्धतीत हरवत नाही,” सर म्हणाले. “प्रत्येक निरोपाची पोच येते. पोच आली नाही तर तो पुन्हा जातो. आणि ज्या क्रमानं पाठवले त्याच क्रमानं पोचतात.”

खाण वणीच्या बाजूला होती, कोळशाची, जमिनीखाली खोलवर गेलेली. तिच्या बोगद्यांमध्ये आम्ही वायरलेसच्या पेट्या बसवत होतो. प्रत्येक पेटी जाड लोखंडी कवचात, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वायूला लागायला नको. कामगारांच्या टोपीतल्या दिव्यात एक चकती असायची. तिच्यावरून कोण माणूस कुठे आहे ते वर कंट्रोल रूममध्ये दिसणार होतं. मुकादमांकडे फोन असणार होते, आणि वायू मोजणारी यंत्रंही याच पेट्यांना जोडलेली असणार होती. या साऱ्या पेट्यांवर हुकूम चालवणारा कंट्रोलर वर, उजेडात. भांडण होतं ते या कंट्रोलरनं पेट्यांशी बोलायचं कसं, यावर. सर म्हणत होते टीसीपीनं, म्हणजे रांगेत, पोच घेत. मी म्हणत होते यूडीपीनं, म्हणजे सुटे निरोप सोडून.

“साहेब,” मी उरकुड्यांकडे वळले, “तुमच्याकडे कोळशाचे डबे दोरावर एकामागे एक येतात ना? मधला एक डबा रुळावरून घसरला की मागचे सगळे उभे राहतात. टीसीपीत तसं होतं. एक तुकडा हरवला की तो पुन्हा येईपर्यंत मागचं काही पुढे सरकत नाही. यूडीपीत प्रत्येक निरोप सुटा जातो. ज्याची पोच हवी त्याची आपला प्रोग्राम स्वतः मागतो आणि लगेच पुन्हा पाठवतो. बाकीचे अडत नाहीत.”

“पण हरवू शकतो,” सिद्दीकी म्हणाले.

“हो.”

“मग झालं तर.”

टीसीपी ठरलं. बाहेर कॅन्टीनच्या पत्र्याखाली सरांनी दोन चहा घेतले आणि एक माझ्याकडे सरकवला.

“‘हो’च्या आधी ‘पण’ म्हणायला शिक,” ते म्हणाले. “नंतरचं कोणी ऐकत नाही.”

“सर, तुम्हालाही माहीत आहे मी बरोबर सांगत होते. खालची केबल काय ऑफिसातली आहे?”

“तुझं चूक आहे असं मी म्हटलं का?” ते कपाकडे बघत राहिले. “एका कारखान्यात एक अलार्म पोचला नव्हता. एकच. त्याच्या चौकशीला मी दीड वर्ष जात होतो. त्या माणसाची बायको दर वेळी बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. मला पोच हवी सुनेत्रा. उशिरा आली तरी चालेल.”

एक गोष्ट मात्र मागून घेतली. पेटी पहिल्यांदा चालू होते तेव्हा तिला कंट्रोलर कुठे आहे ते ठाऊक नसतं. ती ‘कोणी आहे का’ म्हणून हाक मारते, आणि ती हाक यूडीपीनंच जाते, त्याला दुसरा इलाज नाही. त्या हाकेला उत्तर देताना पुढचं बोलणं कोणत्या पद्धतीनं चालेल ते कंट्रोलर ठरवतो. ती निवड बदलण्याची सोय मला कंट्रोलरमध्ये ठेवायची होती.

“ठेव,” सर म्हणाले. “लागायची नाही.”

त्या काळी बायकांना खाणीत खाली उतरायला कायद्यानं बंदी होती. मी आखलेलं जाळं मी कधी पाहिलं नाही. पेट्या टांगल्या त्या ठेंगण्यांनी. मुरलीधर ठेंगणे हे खाणीतले ओव्हरमन, म्हणजे खालच्या एका भागाचे मोठे मुकादम. वर आले की ते माझ्या नकाशावर बोट ठेवून सांगायचे, “इथं पाणी गळते मॅडम, इथं नका ठेवू. इथं छत बरं आहे.” त्यांच्या शब्दांवरून मी माझ्या मनात ती खाण बांधली होती. अकरा नंबरची पेटी पूर्व भागाच्या तोंडाशी होती. तिच्या पलीकडे हवा बाहेर नेणारी जुनी वाट सुरू व्हायची, आणि त्या वाटेवर बारा, तेरा, चौदा.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी पूर्व भागातल्या पेट्यांवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं होतं. सर पहिल्या पाळीबरोबर खाली गेले. पेटीवरचे दिवे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. कंट्रोल रूममध्ये मी एकटी होते. मी फाइल सोडली, आणि ती अकराकडे हळूहळू सरकताना बघत बसले. निम्मी गेली असेल.

वर काहीच ऐकू आलं नाही. धक्का नाही, आवाज नाही. पडद्यावर बारा, तेरा आणि चौदा एकदम लाल झाल्या एवढंच. मला वाटलं वीज गेली. मग फोन वाजला.

“मॅडम, छत पडलं जी.” ठेंगण्यांचा आवाज खरखरत, तुटत येत होता. “जायचा रस्ता बुजला. आमी आतल्या अंगाले अडकलो.”

“किती जण आहात?”

“नऊ. बिवलकर साहेब धरून. झिबलच्या पायावर दगड आला होता. काढला त्याले. छत अजून बोलून राहिलं जी.”

छत बोलणं म्हणजे काय, ते मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं. वरचा खडक पडायच्या आधी कडकड वाजतो. मी धोक्याची घंटा दाबली.

उरकुडे साहेब धावतच आले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. पडलेल्या जागेच्या आत नऊ माणसं. बाहेर यायची मुख्य वाट बंद. तारेचा जुना फोनही त्याच दगडांखाली गेला होता. बचाव पथकाला कळवलं, पण ते यायला दुपार होणार होती. उरली ती हवेची जुनी वाट. ती फिरून दुसऱ्या तोंडाशी निघत होती.

“त्या वाटेनं निघायला सांगू का?” मी विचारलं.

“सांगू कसं?” उरकुडे नकाशावरून नजर न काढता म्हणाले. “मधात खोलगट भाग आहे. पंखा बंद पडला तर वायू तिथंच साचते. हातातलं मीटर उभ्या जागेचं सांगते, पुढचं नाही सांगत. जखमी माणूस घेऊन मधात जायचं अन् तिथं वायू निघाला, तर मागं यायला छत राहील का? खोलगट भागातलं यंत्र काय म्हणते ते मले दाखवा. मग सांगतो.”

ते यंत्र तेरा नंबरच्या पेटीला जोडलेलं होतं. अकरापासून पुढची केबल तुटली होती. पण पेट्या बॅटरीवर जिवंत असणार होत्या, आणि केबल नसली तर शेजारच्या पेटीशी हवेतून बोलायची सोय त्यांच्यात होती. त्यासाठी अकराला एकच हुकूम द्यायला हवा होता: बाराला हवेतून जोडून घे.

मी हुकूम पाठवला.

तो गेला नाही. पडद्यावर रांगेत उभा राहिला. त्याच्यापुढे ती निम्मी गेलेली फाइल होती. अकराची केबल तुटली नव्हती, पण दगडांखाली चेपली होती. पाठवलेल्यातलं बरंचसं वाटेत मरत होतं. फाइलचा एक तुकडा हरवायचा, टीसीपी थांबायचं, पुन्हा पाठवायचं, तोही हरवायचा, आणि दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट व्हायचा. फाइल रद्द करावी म्हटलं, तर ‘रद्द कर’ हाही एक निरोप. तोही त्याच रांगेत, सगळ्यांच्या मागे.

“काय झालं?” उरकुड्यांनी विचारलं.

“अडकलाय.”

“किती वेळ?”

“माहीत नाही. पाच मिनिटं लागतील, नाही तर तासभर.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला खुर्चीतून उठून उभं राहावंसं वाटलं.

मार्ग एकच होता. मी इकडून अकराचं बोलणं तोडायचं. मालक, म्हणजे कंट्रोलर, गेला असं पेटीला कळलं की ती सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून हाक मारायला लागणार. त्या हाकेला मी यूडीपीनं उत्तर देणार. मग हुकूम सुटा जाईल. हरवला तर लगेच दुसरा, तिसरा, चौथा. पण मालक गेला की पेटी आपल्यावरचे सगळे फोनही सोडून देते. तसा नियमच होता, आणि तो आम्हीच ठेवला होता. म्हणजे खाली अडकलेल्या नऊ माणसांचा वरच्या जगाशी असलेला एकमेव धागा मी स्वतःच्या हातानं तोडणार होते. पेटी परत आली नसती, तर तो पुन्हा जोडलाही गेला नसता.

उरकुड्यांना मी हे सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले.

“माणसं खाली आहेत अन् तुम्ही फोन बंद करता?”

“थोडा वेळ.”

“अन् नाही आला परत, तर? मी नाही म्हणू शकत हो याले. तुमचे साहेब खाली आहेत, त्यांना विचारा.”

अकरावर दोन फोन चालू दिसत होते. एकावर सर माझ्याशी बोलणार होते. दुसऱ्यावर कोणीतरी आधीच बोलत होतं. कोण, कोणाशी, ते बघायला मला सवड नव्हती. मी सरांचा फोन लावला.

“सर, ऐकू येतंय?”

“येतंय. बोल.” मागे कोणीतरी कण्हत होतं, आणि त्याच्याही मागे तो कडकड आवाज, वाळलेल्या लाकडासारखा.

मी भराभरा सांगितलं. फाइल, रांग, तोडणं, पुन्हा जोडणं. मधूनमधून त्यांचा ‘हं’ यायचा, मधूनमधून नुसती खरखर.

“सर, मी तोडू का?”

“नको.” ते लगेच म्हणाले. “आत्ता तोडू नकोस. इथं...” मग खरखर. बरीच लांब. “...तोपर्यंत थांब. थोडा वेळ.”

मला संताप आला. मला वाटलं, या माणसाला अजूनही आपली पोच हवी आहे. उशिरा आली तरी चालेल म्हणणारा माणूस. डोक्यावर छत कडाडतंय, आणि हा आपल्या पद्धतीची लाज राखतोय.

“सर, तो वाद आत्ता नको!” मी ओरडलेच. “तुमचा आवाज माझ्यापर्यंत येतोय ना? तो कसा येतोय? याच चेपलेल्या केबलवरून येतोय, कारण तो हरवलेल्या शब्दासाठी थांबत नाही. जो हरवला तो हरवला, पुढचा येतो. माझा हुकूम थांबून राहिलाय म्हणून अडलाय. त्या फाइलच्या मागे थांबलो तर आपण थांबूनच राहू.”

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन गेला.

“सर?”

“आहे.” त्यांचा आवाज बदलला होता. अगदी सावकाश बोलले, एकेक शब्द सुटा करून, माझ्यापर्यंत पोचावा म्हणून. “बंद किती वेळ राहील?”

“चार-पाच मिनिटं. कदाचित जास्त.”

“नक्की परत येईल?”

या वेळी मी ‘हो’च्या आधी ‘पण’ म्हटलं. “नक्की नाही सांगता येत, सर. मला वाटतं येईल.”

पुन्हा शांतता. कण्हणं ऐकू येत होतं. मग सर फोनपासून तोंड वळवून कोणाला तरी काहीतरी म्हणाले, आणि परत आले.

“तोड,” ते म्हणाले.

उरकुड्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. मी कंट्रोलरची निवड बदलली आणि अकराचं बोलणं तोडलं.

खरखर थांबली. मला वाटतं, खोलीत इतकी शांतता मी तोवर कधी ऐकली नव्हती. पडद्यावर अकरा लाल झाली. दुसरा फोनही गेला. बाहेर अंगणात आता माणसं जमली होती. काचेतून त्यांचे चेहरे दिसत होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी एका लाल ठिपक्याकडे.

उरकुडे खिडकीशी जाऊन परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

“चार मिनिटं झाली,” ते म्हणाले.

“हो.”

“तुम्ही म्हटलं होतं चार-पाच.”

चेपलेल्या केबलवरून अकराची हाक येत असणार आणि वाटेत मरत असणार, किंवा हाक येत असणार आणि माझं उत्तर मरत असणार. किंवा पेटीवर दगड पडला असणार. यातलं काय खरं, ते कळायला काहीच साधन नव्हतं. मी ओढणीचं टोक दातात धरलं होतं, हे नंतर कोणीतरी सांगितलं.

अकरा पिवळी झाली. हाक पोचली होती. मग पुन्हा लाल. उरकुडे पुढे वाकले. पुन्हा पिवळी.

आणि हिरवी.

मी हुकूम पाठवला. हरवला. प्रोग्रामनं लगेच दुसरा पाठवला, तोही हरवला. तिसऱ्याची पोच आली. बारा हिरवी झाली. थोड्या वेळानं तेरा. आणि तेराच्या खाली वायूचा आकडा उमटला.

उरकुड्यांनी तो दोनदा वाचला. मर्यादेच्या आत होता. आम्ही बघत होतो तेवढ्यात तो किंचित चढला.

“चढून राहिला,” ते म्हणाले. “आत्ताच निघाले पाह्यजे. लावा फोन.”

फोन पुन्हा पेटीवर चढायला आणखी वेळ गेला. मग सरांचा आवाज आला. पहिलं वाक्य वाटेबद्दल नव्हतं. “दवाखाना जोड,” ते म्हणाले, “लवकर.”

पण उरकुड्यांनी फोन माझ्या हातातून घेतला होता. “साहेब, निघा. आत्ता. जुन्या वाटेनं, कुठंच थांबू नका. ठेंगण्याले पुढं ठेवा.”

ते निघाले. त्यांच्या टोप्यांमधल्या चकत्या पडद्यावर मला दिसत होत्या. नऊ ठिपके अकराकडून बाराकडे, बाराकडून तेराकडे. खोलगट भागात ते फार हळू सरकले. एका जागी दोन ठिपके मागे राहिले, आणि उरकुडे पडद्यावर ओरडले, “चला ना रे!” जणू ते ऐकणार होते. मग ते दोघेही पुढे सरकले.

चौदाच्या पुढे माझी पेटी नव्हती. मी उठून धावले.

दुसऱ्या तोंडाशी सगळी वस्ती गोळा झाली होती. आधी ठेंगणे आले, उजेडात डोळे चोळत. मग हवा अडवायचं जाड कापड चौघांनी चारी कोपऱ्यांना धरलेलं, आणि त्यात झिबल आत्राम. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मांडीवर एक चामड्याचा पट्टा करकचून आवळलेला होता. सगळ्यांत मागून बिवलकर सर आले, काळेठिक्कर, आणि एका हातानं पँट वर धरून चालत. पट्टा त्यांचाच होता. मला हसू फुटलं. सुटल्याचं हसू, दुसरं काही नाही. पण ते माझ्याकडे न बघता सरळ ॲम्ब्युलन्सकडे गेले आणि झिबलशेजारी आत बसले.

दुपारी पूर्व भागातलं उरलेलं छत खाली आलं. अकरा नंबरची पेटी गेली, ती कायमची.

आठवड्याभरानं त्याच टेबलाशी बैठक झाली. सिद्दीकी साहेब, उरकुडे, आम्ही दोघं, आणि वरून आलेले दोन अधिकारी. काय घडलं ते सरांनी उभं राहून सांगितलं. “माझी निवड इथं चुकीची ठरली,” ते म्हणाले. “सगळ्या पेट्यांवर पद्धत बदलावी. सुनेत्रा देशकर यांनी आधी जे सुचवलं होतं तेच.” कोणी काही विचारलं नाही. मी जिंकले होते. इतक्या सरळपणे कोणी माझ्यासमोर हार मानलेली मी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. फोनवर मी जे ओरडले होते, त्यानं त्यांना पटवलं, असंच मी धरून चालले.

पुण्याला निघण्याआधी झिबलला भेटायला मी नागपूरच्या इस्पितळात गेले. त्याचा पाय गुडघ्यावरून काढला होता. त्याची आई खाटेखाली चटई टाकून बसली होती. मी नेलेली मोसंबी तिनं शेजारच्या खाटांवरही वाटली.

“बरं वाटतंय का?” मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

“बरं आहे मॅडम.” तो हसला. “साहेबानं वाचवलं मले. पट्टा त्यायनंच आवळला.”

“डॉक्टरांनी सांगितलं मला. नाही तर रक्त फार गेलं असतं.”

“आधी दाक्तरच सांगून राहिला होता ना. फोनवर.”

“कोण डॉक्टर?”

“आपल्या खाणीच्या दवाखान्यातला. ठेंगण्या मुकादमाच्या फोनवर. कुठं दाबाचं, पट्टा कुठं बांधाचा, किती आवळाचा, कवा सैल कराचा, सारं एकेक सांगून राहिला होता. रक्त थांबतच नोतं. अन् मधातच फोन बंद झाला.” तो सहज सांगत होता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. “मंग साहेबानं आपल्याच मनानं आवळला. सैल कवा कराचा ते ऐकाचं राहूनच गेलं.”

मी खाटेची कड धरली.

“दाक्तर म्हणते, पाय तसाबी गेलाच असता,” झिबल म्हणाला. “खरं काय, कोणाले ठाव.”

सर इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये होते. ते रोज येत होते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी त्यांच्यासमोर बसले. टेबल ओलं होतं. त्यांनी आपला रुमाल काढून माझ्यापुढची जागा पुसली.

“तो दुसरा फोन डॉक्टरांचा होता,” मी म्हटलं.

“हो.”

“म्हणून तुम्ही ‘नको’ म्हणालात.”

“हो.”

“मला सांगायचं ना सर! मला वाटलं तुम्ही... मी काय काय बोलले तुम्हाला!”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “इथं झिबलचं रक्त थांबत नाहीये, डॉक्टर फोनवर आहेत, ते होईल तोपर्यंत थांब. एवढं बोललो होतो मी.”

ती लांब खरखर माझ्या कानात पुन्हा वाजली. मी ते तोवर दहा जणांना सांगितलं होतं, मोठ्या ऐटीत, की आवाज हरवलेल्या शब्दासाठी थांबत नाही.

“मला ऐकू नाही आलं,” मी म्हटलं. “मला ‘तोपर्यंत थांब’ एवढंच ऐकू आलं.”

“ते मला लगेच कळलं. तुझं उत्तरच तसं आलं.”

पोऱ्या चहा ठेवून गेला. सरांनी कप उचलला नाही. त्यांच्या कमरेला नवा पट्टा होता, भोकं अजून ताठ असलेला.

“ऐकू आलं असतं तर तू काय केलं असतंस?” त्यांनी विचारलं.

मी खूप विचार केला. खोटं बोलून चालणार नव्हतं.

“थांबले असते.”

“मीही तेच धरलं होतं,” ते म्हणाले. “तू थांबली असतीस, उरकुडे थांबले असते. डोळ्यांसमोर एक माणूस रक्त जाऊन मरतोय म्हटल्यावर कोण तोडेल फोन? आणि तू म्हणत होतीस ते खरं होतं. छत माझ्या डोक्यावर होतं, मला ऐकू येत होतं ते.”

“पण तुम्हाला पुन्हा सांगता आलं असतं. तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत, तेवढ्या वेळात.”

“आलं असतं.”

“मग?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दोन प्रश्नांनंतरची शांतता मला आठवली. तेव्हा ते मान वळवून ज्याच्याशी बोलले होते, तो झिबलच असणार, हेही मला आत्ता कळलं.

“मग नाही सांगितलं,” ते म्हणाले, आणि झिबलच्या भेटीची वेळ संपायच्या आत वर जायला उठले.